जागा धरून ठेवली आहे

“लवकर जेवून घ्या ना जी, मंग पुढं जागा नाही भेटत,” मावशी तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. नाटक दहाच्या आत सुरू होणार नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मावशींचा धाकटा नातू दुपारीच जाऊन रंगमंचासमोर दोन पोती अंथरून आला होता आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवून आला होता. त्यातलं एक पोतं माझ्यासाठी. पाहुणीची जागा धरून ठेवली आहे, हे त्याने मला दोनदा येऊन सांगितलं.

गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं, माझ्या मैत्रिणीच्या आजोळचं. जानेवारी महिना. धान कापून झालं होतं, कुठे कुठे पुंजणे अजून उभे होते आणि रिकाम्या बांध्यांत लाखोरी हिरवीगार पसरली होती. घरातली माणसं सात. त्या दिवशी जेवायला बावीस. लेकी-जावई आले होते, लेकींच्या नणंदा आल्या होत्या, कुणाच्या तरी शाळेतल्या मैत्रिणी आल्या होत्या. चुलीवर तांदळाच्या पिठाचे पातळ आयते एकामागून एक उतरत होते आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं दोन वेळा भरलं होतं. गावात नाटक ठरलं की सोयऱ्याधायऱ्यांना निरोप धाडायचा, ही इथली रीत. दिवाळीला येत नाहीत इतकी माणसं नाटकाला येतात, असं मावशी अभिमानाने सांगत होत्या. त्याच गर्दीत उपवर मुलं-मुली एकमेकांच्या नजरेस पडतात, सोयरिकीचा विषय निघतो, जुने रुसवे मिटतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा, तळ्यांचा, धानाचा आणि दाट झाडीचा हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथल्या बोलीला झाडीबोली म्हणतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर तिचा अभ्यास केला आणि ती अशुद्ध मराठी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे, हे मांडून दाखवलं. तिच्यात ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाणी ‘पानी’ होतं आणि सकाळी ‘सकारी’. मावशींच्या तोंडून ती ऐकताना मला आपल्या प्रमाण मराठीत काहीतरी उगाच जड असल्यासारखं वाटत राहिलं.

या मुलखात शंभराहून अधिक वर्षं नाटक होत आलं आहे. त्याच्याही आधीपासूनची दंडार आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते तेव्हा पुरुषच बायकांची सोंगं घेऊन, गात-नाचत ती सादर करतात. पुढे संगीत नाटकाचा थाट या मातीत उतरला आणि दोन्ही मिळून झाडीपट्टी रंगभूमी उभी राहिली. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, हे तिचं जुनं वेळापत्रक. 2014 मध्ये या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा पट थांबले. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला शर्यती अटींसह पुन्हा भरवण्याची मुभा मिळाली. पट बंद असतानाही नाटकं चालू राहिली. ती पूर्ण थांबली ती करोनाच्या वेळी. त्या साली दिवाळी आली तरी सगळं गाव नुसतं बसून राहिलं होतं, असं मावशींचे यजमान म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पानाचा डबा पुढे ओढला.

नाटकाची जागा म्हणजे गावाशेजारची कापणी झालेली बांधी. धसकटं खरवडून काढलेली, चारही बाजूंनी कापडाच्या कनाती, एका अंगाला रंगमंच. पुढे थोड्या खुर्च्या, मागे जमीन. जमिनीवर तणस पसरलेली, तिच्यावर पोती, सतरंज्या, गोधड्या. आम्ही पोहोचलो तेव्हा निम्मी बांधी भरली होती. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येत होत्या आणि एकेका ट्रॉलीतून पंचवीस-तीस माणसं उतरत होती. आज्यांनी डोक्यावरून शाली घेतल्या होत्या, लहान मुलं आधीच गोधडीत गुरफटून झोपली होती. बाहेर चहाच्या शेगड्या, भज्यांच्या कढया. माझ्या पोत्यावर माझ्या आधीच दोन अनोळखी बाया बसल्या होत्या. मला पाहून त्या सरकल्या. “बसा ना जी,” एक म्हणाली आणि तिच्या गोधडीचा अर्धा भाग माझ्या पायांवर टाकला.

मला त्या रात्री ज्या माणसाने सर्वांत जास्त खिळवून ठेवलं, तो रंगमंचावर नव्हताच. मंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, वादकांच्या शेजारी तो प्रेक्षकांकडे पाठ करून बसला होता. हातात नाटकाची वही, वहीवर झाकण लावलेला छोटा दिवा. तो प्रॉम्प्टर. इथल्या कंपन्यांमधले कलाकार आज एका गावात एक नाटक करतात आणि उद्या दुसऱ्या गावात दुसरं. तालमीला सवड अशी मिळत नाही. म्हणून पूर्ण संहिता ज्याच्या आवाजात असते तो हा माणूस. तो नुसते विसरलेले शब्द पुरवत नव्हता. प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग तो नटाच्या अर्धा श्वास आधी सोडत होता, आणि तेही त्या वाक्याला लागणाऱ्या सुरात. रडण्याचं वाक्य रडवेलं, दरडावण्याचं दरडावून, पण सगळं कुजबुजीतच. नट ते झेलायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा. मी बसले होते तिथून दोन्ही आवाज ऐकू येत होते. एका प्रवेशात नायिकेला खरोखरच हुंदका आवरेना, तेव्हा प्रॉम्प्टर थांबला. वहीवर बोट ठेवून, मान वर करून तिच्याकडे पाहत राहिला. ऑर्गनवाल्याने एक सूर धरून ठेवला. मग तिने मान हलवली आणि बोट पुढच्या ओळीवर गेलं. पंधरा-वीस सेकंदांचं ते थांबणं. मोठ्या शहरातल्या नाट्यगृहांत मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, पण नट आणि शब्द यांच्यामधली जागा अशी उघड्यावर कधी पाहिली नव्हती.

नाटक तीन अंकी. कर्जात बुडालेलं घर, दोन भावांची वाटणी, सासरी छळ सोसणारी बहीण. मधूनमधून विनोदी जोडीचा धुमाकूळ आणि नाचगाणी. शहरी नजरेला हे भडक वाटतं आणि तसं म्हणणारे लेख मी वाचलेले आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. उघड्या रानात हजारो माणसांपुढे, थंडीच्या वाऱ्यात, रात्री दोन वाजता नाटक उभं ठेवायचं तर आवाज चढा लागतो आणि हातवारे मोठे लागतात. शिवाय समोर बसलेल्यांना त्या गोष्टीतलं सगळं घरचं माहीत आहे. वाटणीच्या प्रवेशात माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती आणि तिची जाऊ, जिच्याशी ती संध्याकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, तीही पुसत होती. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर हे चित्रकार आणि नाटककार. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचं त्यांचं ‘आत्महत्या’ हे नाटक याच रंगभूमीवरचं. ज्या विषयावर शहरांत परिसंवाद झाले, तो विषय इथे त्याच शेतकऱ्यांसमोर, त्यांच्याच बांधीत उभा राहिला.

पहाटे साडेचारला नाटक संपलं. परतताना कुणी एकटं निघालं नाही. ब्रह्मपुरीच्या या जंगलपट्ट्यात वाघ अभयारण्याच्या हद्दीत राहत नाहीत. शेताच्या धुऱ्यावर, नाल्यात, गावाच्या अंगाला कुठेही असतात, आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत. म्हणून आधी हाका झाल्या, मोहल्ल्यामोहल्ल्याचे गट जमले, बॅटऱ्या पुढे आणि मागे, मुलं मधे. माझ्या हाताला मावशींच्या नातीने धरलं होतं. ती अर्धी झोपेत होती आणि तरीही विनोदी नटाचं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.

दुसऱ्या दिवशी वैनगंगा ओलांडून वडशाला गेले. कागदोपत्री देसाईगंज, पण सगळे वडसाच म्हणतात. हे या रंगभूमीचं केंद्र. पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांची कार्यालयं या एका लहानशा शहरात आहेत; रस्त्याच्या दोन्ही अंगांना फलकच फलक, कलाकारांचे हसरे चेहरे, कुंकवाच्या आणि सासरच्या नावांची नाटकं. गावच्या मंडळाची माणसं इथे येतात, कंपनीशी रक्कम ठरवतात, तारीख बांधून घेतात आणि गावात जाऊन तिकिटं विकतात. अनुदानाची वाट कुणी बघत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम. या महिन्यांत लेखक, नेपथ्यवाले, वादक, प्रकाशवाले, नागपूर-मुंबईकडून येणाऱ्या नट्या, ट्रकचालक अशा कितीतरी घरांची चूल यावर पेटते. उरलेल्या दिवसांत यातलेच पुष्कळजण शेतात असतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हे त्यांतले. त्यांनी पाच हजारांवर प्रयोगांत आठशेच्या आसपास भूमिका केल्या आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वडशात त्यांचं नाव निघालं की लोक बोलता बोलता थोडे सरळ बसतात.

त्या प्रवासात मला राहून राहून जैसलमेर आठवत होतं. वर्षभरापूर्वी मी तिथे होते. वाळूच्या टेकड्यांजवळच्या तंबूंच्या छावणीत रात्री जेवणाआधी कालबेलिया नाच झाला. नाचणाऱ्या दोघी विलक्षण होत्या. त्यांच्या घेराचं काळं वर्तुळ अजून डोळ्यांपुढे आहे. पण माझी गादी-तक्क्याची जागा तिकिटात धरलेली होती. नाच संपला, टाळ्या झाल्या, त्या एका दाराने गेल्या आणि आम्ही दुसऱ्या दाराने जेवायला गेलो. पोत्यावर विटांचे तुकडे ठेवणाऱ्या त्या मुलामुळे मला त्या तक्क्याची पहिल्यांदा खंत वाटली.

वडशाहून पुढे गडचिरोलीला गेले. तिथे एका सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. टेबलांवर बांबूचे दिवे, टोपल्या, परड्या, पितळी ओतकामाचे हत्ती, आणि प्रत्येक टेबलावर ‘हात लावू नये’ची चिठ्ठी. मी एका टेबलापाशी जरा जास्त रेंगाळले, तर मागे बसलेल्या बाईने न विचारताच कोयत्याने हिरवा बांबू चिरायला घेतला. आधी उभा दुभंगला, मग त्याचे चार, मग आठ. कामटी काढताना ती पात्याकडे पाहत नव्हती. अंगठ्याच्या पेराने जाडी मोजत होती. साल वेगळी, आतला मऊ भाग वेगळा. सालीची कामटी वाकते आणि तुटत नाही, म्हणून टोपलीची कड तिची. पोटाचा भाग आतल्या विणीला. “हे पहा,” म्हणत तिने एक कामटी माझ्या हातात दिली. तिच्या टेबलावरची चिठ्ठी तिने लिहिलेली नव्हती.

तो बांबू जंगलातून तिच्या हातापर्यंत कसा येतो, ही गोष्ट मात्र कुठल्या टेबलावर नव्हती. 1927 च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवलं, आणि जंगलात राहणाऱ्याने तो तोडून बाहेर नेणं गुन्हा झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने हे मानलं नाही. ऐंशीच्या दशकात या गावाने आपलं गोटूल, म्हणजे गावाचं एकत्र जमण्याचं घर, जंगलातल्या सागाने नव्याने बांधलं, ते वनखात्याने उतरवलं, आणि गावाने ते पुन्हा उभं केलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनउपज ठरला, 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. टोपली विकत घेताना मला हे सगळं त्या चिठ्ठीच्या जागी लिहिलेलं हवं होतं.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी इथल्या आदिवासींचं रेला नृत्य होतं. जिल्ह्यात आता रेल्याच्या स्पर्धाही होतात, पोलिसांच्या गडचिरोली महोत्सवातसुद्धा. तरुण मुलं-मुली एकाच रंगाच्या कपड्यांत, मुलांच्या डोक्यावर शिंगांचे टोप. पाऊल सुंदर पडत होतं. पण सगळे एका ओळीत, आमच्याकडे तोंड करून. शिंगांचा टोप बस्तरच्या दंडामी माडियांचा. भामरागडच्या डोंगरातल्या बडा माडियांचा तो नव्हे. हे मला माझ्याशेजारी बसलेल्या एका तरुण शिक्षकाने सांगितलं. तो स्वतः माडिया, भामरागड तालुक्यातला. “रेला असा सरळ नसतो,” तो म्हणाला. “गोल असतो. आम्ही एकमेकांकडे बघतो.” मग थोडं थांबून म्हणाला, “आमच्याकडे लग्न आहे. येता का?”

गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आलापल्लीनंतर सागाची उंच झाडी, मग रस्ता दोन्हीकडून मिटवत आणणारं जंगल, पळस पेटलेला. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प लागतो, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 1973 च्या डिसेंबरात इथे आले तेव्हा हा रस्ताही नव्हता. पुढे पर्लकोटेचा पूल, जो पावसाळ्यात बुडाला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो आणि तेवढ्यापुरती त्याची बातमी होते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती इथे एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड.

गावात पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती मानल्या आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतल्या माडियांबद्दल, त्यांच्या गोटुलाबद्दल बाहेरच्या लोकांनी इतकं काही लिहिलं आहे की मला संकोच वाटत होता. व्हेरिअर एल्विनचं गोटुलावरचं जाडजूड पुस्तक 1947 चं, आणि ते बस्तरच्या मुरियांवरचं. पण वाचणाऱ्यांनी त्यातली नको ती उत्सुकता सगळ्याच गोटुलांना चिकटवली. मी वही पिशवीतच ठेवली.

मांडवापुढच्या अंगणात शेकोटी होती. मोहाची फुलं पडायला अजून दिवस होते, पण झाडांना पानगळ लागली होती आणि वरचं आकाश उघडं होतं. ढोल तापवायला पुरुष शेकोटीजवळ बसले होते. कातडं आगीपुढे धरायचं, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा धरायचं. मग एकाएकी कुणी काही जाहीर न करता नाच सुरू झाला. चार बाया उठल्या, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकले आणि गायला लागल्या. आणखी दोघी येऊन जोडल्या गेल्या, मग मुली, मग एक म्हातारी. साखळी वाढत वाढत गोल झाली. एका अंगाने ओळ निघायची, दुसऱ्या अंगाने ती उचलली जायची. गाण्यात नव्या ओळी जागच्या जागी घातल्या जातात, शिक्षक म्हणाला. नवरीच्या, नवऱ्याच्या, आलेल्या पाहुण्यांच्यासुद्धा.

मी बसायला जागा शोधली. गोलाच्या बाहेर उभं राहिलं तर नुसत्या पाठी दिसत होत्या, सगळे चेहरे आत. खुर्ची एक होती, ती माझ्यासाठी आणून ठेवली होती, पण तिच्यावर बसून काहीच दिसत नव्हतं. मी शिक्षकाला विचारलं, “मी कुठे बसू म्हणजे नीट पाहता येईल?” त्याने ते माडियात जवळच्या बायांना सांगितलं. त्या माझ्याकडे वळल्या. उत्तर कुणी दिलं नाही. दोघींनी एकमेकींच्या खांद्यांवरचे हात काढले आणि मधे माझ्याएवढी जागा केली.

दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघा किंचित वाकवून. मला ते लगेच जमलं नाही. डावीकडची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असेल. मागे जायच्या आधी ती माझ्या खांद्यावर बोटं हलकेच दाबायची. दाब आला की मागे. मी पायांकडे पाहणं सोडलं आणि त्या दाबाची वाट पाहू लागले. समोर, गोलाच्या पलीकडे, ती म्हातारी गात होती आणि थेट माझ्याकडे बघत होती. ढोल आमच्या मधून फिरत गेले. दाब आला, मी मागे गेले.